उजव्या अंगाची मडकी

४ फेब्रुवारी १९७१
टेकाड उत्तर-दक्षिण एकशेवीस मीटर, पूर्व-पश्चिम ऐंशी. उंची जास्तीत जास्त साडेतीन. गावकरी त्याला पांढर म्हणतात, कारण जुन्या वस्तीची माती राखेच्या रंगाची असते. खाली घोड नदी. मला या हंगामापुरतं ड्राफ्ट्समन म्हणून घेतलं आहे. मजूर बायका सोडल्या तर उत्खननावर मी एकटीच बाई.
जमीन सरकारांची. जहागीर कायद्याने जाऊन वीस वर्षं झाली, तरी लोक बंगल्यासमोरून चपला हातात घेऊन जातात. गादीचा वारस पुतण्या आहे, जयाजीराव; गाव त्याला बाळसाहेब म्हणतं. तो अजून एकवीसचा नाही, म्हणून कारभार काकासरकारांकडे. वडिलांना दौंडला पत्र टाकलं. जागा सुरक्षित आहे असं लिहिलं.

११ फेब्रुवारी १९७१
दफन सापडलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं, लोखंड येण्याआधीचं. मोठ्या माणसाचा सांगाडा, डोकं उत्तरेला, उताणा. दोन्ही पाय घोट्याच्या वर तोडलेले. इनामगावला अशीच दफनं मिळाली आहेत. उत्खननाचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, मेलेल्याने उठून परत घरात येऊ नये म्हणून ते लोक असं करत असावेत.
मजुरांतला सर्वांत चांगला हात म्हाळूचा. वय पन्नाशीचं, पूर्वी मेंढरं राखायचा. सुरीच्या टोकाने तो बरगडीवरची माती अशी काढतो की हाडावर ओरखडा येत नाही. सरांचं ऐकून म्हणाला, "आमच्या सासऱ्याला ह्येच करायला पायजे व्हतं. बाराव्यापास्नं अनसाच्या सपनात येतुया, आन् सकाळी शिव्या मला बसत्यात."
सगळे हसले. सांगाड्याच्या डाव्या हाताशी दोन मडकी होती. म्हाळूने ती उचलली. मी एकास दहा प्रमाणात चित्र काढलं.

१६ फेब्रुवारी १९७१
बंगल्यावर चहाला बोलावणं. आम्ही पोचलो तेव्हा काकासरकार अंगणात घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला रिकिबीच्या चामडी वादीने मारत होते. घोड्याच्या पाठीला खोगिराने जखम झाली होती म्हणून. मी सात फटके मोजले; त्याआधी किती झाले होते माहीत नाही. सातव्याला तो माणूस गुडघ्यावर आला आणि त्याच्या कानातून रक्त वाहू लागलं. ड्रायव्हर सावळाराम त्याचे हात धरून उभा होता, गाडीचं दार धरावं तसा. काकासरकारांनी वादी धुवायला दिली आणि सरांना म्हणाले, "या."
जयाजीराव ओठ चावत होते. खडीसाखर डाव्या दाढेने खात होते, उजवीकडची दाढ पुण्याहून नुकतीच भरून आणली आहे म्हणाले. जाताना हळूच म्हणाले, "अक्षय्य तृतीयेला मी एकवीसचा होतो. मग ही वादी मी नदीत टाकणार. आणि जमिनी कुळांना."
खरं बोलणं झालं ते बाईसाहेबांशी, काकासरकारांच्या पत्नीशी. शिकलेल्या, शांत. मला खुर्चीवर बसवलं, कप वेगळा दिला नाही.
"पाय जिवंतपणी तोडत की नंतर?"
"नंतर. हाडावर भरून आल्याची खूण नाही."
"आणि मडकी कशासाठी?"
"वाटेच्या पाण्यासाठी असावीत."
"पुढं कोणी खणलं तर जुनं दफन आणि नवं, फरक कळतो?"
"रीत तीच असेल आणि माती मुरलेली असेल, तर हाडं पटकन सांगत नाहीत."
त्यांनी चित्राची एक प्रत मागितली. इतके नेमके प्रश्न सरांचे विद्यार्थीही विचारत नाहीत.

२० फेब्रुवारी १९७१
ट्रेसिंग पेपरवर प्रत काढून शाई भरली. सहा तास लागले. एक बंगल्यासाठी, एक कार्यालयासाठी. बाईसाहेबांनी सावळारामला शिरूरला पाठवून लगेच चौकट करून घेतली.

८ मार्च १९७१
हंगाम संपला. चर बुजवले. माती भुसभुशीत राहते, पावसाळ्यानंतर बसेल. म्हाळूला सरांनी त्याची सुरी बक्षीस दिली.

१९ जुलै १९७२
पुणे. आज कार्यालयातल्या प्रतीशेजारी फोटो ठेवला आणि पाहिलं की चित्र उलटं आहे. ट्रेसिंग पेपर पालथा पडलेला असताना मी शाई भरली आणि अक्षरं नंतर त्याच बाजूला लिहिली, म्हणून वाचताना काही खटकत नाही. मडकी सांगाड्याच्या डाव्या हाताशी होती; चित्रात उजव्या हाताशी आहेत. बंगल्याची प्रतही त्याच बैठकीत काढलेली.
नवीन चित्र काढून फाइलला लावलं. जुनं जाळलं. सरांना सांगितलं नाही. ते नेहमी म्हणतात, ड्राफ्ट्समनची दहा वर्षं एका चुकीवर जातात. चुकीची प्रत आता फक्त बंगल्याच्या भिंतीवर आहे. तिथे तिने कोणाचं काही बिघडत नाही.

१ फेब्रुवारी १९७५
चार वर्षांनी पुन्हा त्याच टेकाडावर. या वेळी माझ्या कायम नोकरीची मुलाखत आहे, तेरा तारखेला पुण्यात. म्हाळू भेटला. केस पांढरे झालेत, सुरी तीच. जयाजीराव आफ्रिकेत मामाकडे गेल्याचं कळलं. गेले तेही त्याच वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या आधीच. गादीवर काकासरकार.

३ फेब्रुवारी १९७५
जुन्या चराच्या शेजारच्या चौकोनात, एक मीटर दहा सेंटिमीटर खोलीवर, दफन. डोकं उत्तरेला, उताणा, घोट्याच्या वर पाय नाहीत, दोन मडकी. सरांनी सगळ्यांना थांबवलं. म्हाळू खाली उतरला, माती बोटांत चोळली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ह्ये जुनं न्हाई."
"का?"
"मडकी उजव्या अंगाला हायत. आन् ह्यो घाव बघा. कुऱ्हाडीचा हाय, लोखंडाचा."
त्याचं बरोबर होतं. उजव्या नडगीचा छेद साफ. डाव्या नडगीवर तीन घाव. पहिले दोन चुकलेले, हाडात अर्धे रुतून बाहेर काढलेले. कवटीत डाव्या कानशिलाच्या वर साडेतीन सेंटिमीटरची खोक, कड आत दबलेली. उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली, म्हणजे त्याने हात मध्ये घातला होता. मडकी कुंभाराकडची आताची, वरून काजळी फासलेली.
खालच्या उजव्या दाढेत चांदीचं भरण.
सर खाली बसले. मी माप घेत राहिले. मनगटापासून जवळच्या मडक्यापर्यंत अकरा सेंटिमीटर. दुसरं मडकं पूर्वेकडे कललेलं.

४ फेब्रुवारी १९७५
रात्रभर एकच आकडा. माझ्या उलट्या चित्रात मनगटापासून मडक्यापर्यंत अकरा मिलिमीटर आहेत, आणि दुसरं मडकं पूर्वेकडे कललेलं. खऱ्या दफनात ते पश्चिमेकडे होतं. ज्याने हे प्रेत मांडलं त्याने माझं चित्र समोर ठेवून मांडलं. पट्टी लावून.
पण चौकट मधल्या काळात कोणाच्या हाती गेली असेल, सांगता येत नाही. प्रत अजून बंगल्यातच आहे हे पाहिल्याशिवाय हा फक्त तर्क आहे.
सरांनी दाढेच्या भरणासह सगळं पोलिसांना कळवलं. फौजदार जीपने आले, हाडं पोत्यात भरली. पोतं घ्यायला मी हरकत घेतली. "हाडंच आहेत ना, बाई? दुखणार आहे का त्यांना?" मग जेवायला बंगल्यावर गेले.

७ फेब्रुवारी १९७५
म्हाळूला धरलं. आम्ही जबाब द्यायला गेलो होतो तेव्हा, चौकीत, चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर.
फौजदारांनी मला विचारलं, "ही पाय तोडायची रीत गावात कोणाला ठाऊक?"
"उत्खननावर होते त्या सगळ्यांना."
"हाताने केलेलं कोणाला? इथं कसं पुरायचं, किती खोल, कुठल्या अंगाला, कोणाला कळतं? तुम्हाला आणि ह्याला. तुम्ही बाई आहात." मग म्हाळूकडे वळले. "बाळसाहेबांनी तुझी मेंढरं कोंडवाड्यात घातली होती म्हणे."
"त्यांनी न्हाई, काकासरकारांनी. बाळसाहेबांनी सोडवून दिल्ती."
फौजदारांनी त्याला तोंडावर मारलं. उलट्या हाताने, अंगठीच्या बाजूने. ओठ फाटला. म्हाळूने रक्त हातावर घेतलं, जमिनीवर सांडू दिलं नाही. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो बाकावरून पडला, आणि शिपायाने त्याच्या पोटात बूट घातला. दोन वेळा. सर म्हणाले, "अहो, अहो." मी चहाचा कप खाली ठेवला.

८ फेब्रुवारी १९७५, शनिवार
खात्री करायला बंगल्यावर गेले. निमित्त सांगितलं: जुनी चित्रं पडताळायची आहेत.
चौकट बाईसाहेबांच्या खोलीत होती, खिडकीशेजारी. मडकी उजवीकडे. काचेवर वरच्या कोपऱ्यात मातीचा एक ठसा होता, बोटाचा, आतल्या बाजूने. म्हणजे काच काढून पुन्हा बसवली होती.
"तुमचंच चित्र," बाईसाहेब म्हणाल्या. "अजून पाहत बसते मी. किती नेमकं."
"हो."
"त्या म्हाळूचं ऐकलं. ही माणसं खात्यापित्या घराशी डूख धरतात." त्यांनी मला चहा दिला. हात स्थिर होता. "तुमची मुलाखत तेराला ना? समितीत आमचे एक मेव्हणे आहेत. मी लिहिलंय त्यांना. हुशार मुलींना कोणी विचारत नाही."
मी आभार मानले. चित्र उलटं असल्याचं त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही.
परत येताना हिशेब केला. माझ्याकडे पुरावा आहे: खऱ्या दफनाचा फोटो, माझी फाइल, आणि ही प्रत. म्हाळूने खरी मडकी स्वतः डावीकडून उचलली होती. त्याने मांडली असती तर डावीकडे मांडली असती. हे सांगायचं तर आधी सांगावं लागेल की मी चूक केली, लपवली आणि जाळली. मुलाखतीला पाच दिवस आहेत. चौकशीला महिना लागतो. पाच दिवसांनी काही बिघडणार नाही. मेव्हण्यांचा याच्याशी संबंध नाही.

१० फेब्रुवारी १९७५
म्हाळूची बायको अनसाबाई तंबूपाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही.
"बोलत न्हाई त्यो. नुसता बघतुया. बाई, तुम्ही शिकलेल्या हायसा, सायबाला इंग्रजीत सांगा की."
"सांगते."
"आज?"
"पुण्याला वरच्या साहेबांकडे जाणार आहे. चौदा तारखेला."
तिने मान हलवली. मी तिला जखमेवर लावायची ट्यूब दिली. ती उघडायची कशी तेही दाखवलं.
संध्याकाळी बंगल्यावरची माणसं काठ्या घेऊन टेकाडावर आली. खुंट्या उपटल्या, दोर तोडले, नव्या चराच्या भिंती लाथांनी पाडल्या. सरांचा चष्मा फुटला, कपाळाला सहा टाके. माझ्या तंबूत घुसलेल्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. त्याने टेबल फोडलं, शाई उलटली. माझ्या खांद्यावर एकच टोला बसला. हात वर जात नाही, हाड मोडलेलं नाही. सावळाराम रस्त्यावर गाडीत बसून होता. गाडीचं इंजिन चालू होतं.
फाइल मी शर्टाच्या आत बांधली होती.

१२ फेब्रुवारी १९७५
दौंडला वडिलांकडे. ते लोको शेडमधून आले आणि खांद्याकडे बघत उभे राहिले. "कोणी?"
सगळं सांगितलं. चित्राचंही. अडीच वर्षांत पहिल्यांदा कोणाला.
"मग आजच जा," ते म्हणाले.
"परवा जाते. उद्या मुलाखत आहे."
ते बराच वेळ साबणाने हातावरचं ग्रीस काढत होते. "तुझं तू बघ. मी तुला शिकवलंय, तेव्हा मी तुला काय सांगणार," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले नाहीत.

१३ फेब्रुवारी १९७५
मुलाखत बावीस मिनिटं. एका गृहस्थाने विचारलं, "तुमच्या कामात आजवर मोठी चूक?" मी म्हणाले, "नाही."
निवड झाली. तोंडी सांगितलं, पत्र येईल.

१४ फेब्रुवारी १९७५
सकाळी साडेदहाला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे गेले. फोटो, फाइल, मोजमापं. त्यांना समजायला चाळीस मिनिटं लागली. समजल्यावर ते उठून उभे राहिले. "म्हणजे ज्याच्याकडे ही एकमेव उलटी प्रत होती, त्याने."
"हो."
"तुम्ही याआधी का नाही आलात?"
मी म्हणाले, मला खात्री करायची होती.
त्यांनी चौकीला फोन लावला. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली. फोन ठेवला तेव्हा म्हणाले, "तो पहाटे गेला. त्याने धोतराने फास घेतला म्हणतात."

१५ फेब्रुवारी १९७५
साहेबांबरोबर गेले. म्हाळूला शिरूरला आणलं होतं. त्यांनी मला खोलीत जाऊ दिलं, कारण मीच लिहून घेईन म्हटलं.
गळ्याला फासाची खूण नाही. पाठीवर आणि मांड्यांवर काठीचे एकतीस वळ. त्याखाली जुने, हिरवट, ते मोजता आले नाहीत. दोन्ही तळवे फुटलेले. उजव्या हाताची चार बोटं मोडलेली, प्रत्येक वेगळ्या दिशेला, एकेक करून. बरगड्या तीन. डॉक्टर म्हणाले, आतून रक्तस्राव. तीन दिवसांपूर्वी आणला असता तर वाचला असता, असं म्हणाले.
मी लिहिलं. सही केली.

१८ फेब्रुवारी १९७५
चौकट जप्त झाली. सावळाराम फुटला. त्याचा जबाब साहेबांनी मला वाचायला दिला, मोजमापं जुळतात का पाहायला.
जत्रेचा दिवस, भर दुपार; गाव कुस्त्यांना गेलं होतं. जयाजीरावांना गोठ्यात बोलावलं. काकासरकारांनी खोगिराच्या लोखंडी रिकिबीने डोक्यात मारलं. पहिला वार जयाजीरावांनी हातावर घेतला, दुसऱ्याला पडले. गाडीत घालून पांढरीवर नेलं. खड्डा सावळारामने खणला. बाईसाहेब वर छत्री धरून उभ्या, दुसऱ्या हातात काचेतून काढलेलं चित्र. "इकडं नाही, उजवीकडं. एवढ्या अंतरावर." पट्टी त्यांनीच आणली होती.
पाय सावळारामने तोडले. जबाबात असं आहे: "म्या पयला घाव घातला तवा पोरगं वरडलं. म्या कुऱ्हाड टाकली. बाईसाहेब म्हणल्या, आता थांबून कसं चालंल. म्हणून म्या डोळं मिटून मारलं, ते चुकलं."
डाव्या नडगीवरचे पहिले दोन घाव. मी त्यांची खोली मोजली होती: नऊ आणि अकरा मिलिमीटर.
जबाब परत दिला. मापं जुळतात म्हणून सांगितलं.

२२ फेब्रुवारी १९७५
काकासरकार आणि बाईसाहेब अटकेत. फौजदार निलंबित. बाईसाहेबांना गाडीत बसवताना मी फाटकाशी होते. त्यांनी मला पाहिलं. "काय चुकलं?" त्यांनी विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना.
"चित्र उलटं होतं."
"तुमचं?"
"माझं."
त्या हसल्या. शिपायाने दार लावलं.
सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तीन वर्षं?" आणि फाइल माझ्या हातातून घेतली. मुलाखतीतल्या "नाही"बद्दल समितीला मी स्वतः लिहिलं. नियुक्ती स्थगित झाल्याचं पत्र येईल, किंवा येणार नाही.

२४ फेब्रुवारी १९७५
म्हाळूचा अकरावा. अनसाबाईकडे गेले. बायका उठून बाजूला झाल्या, मला जागा दिली. एक म्हातारी म्हणाली, "ह्याच त्या बाई, ज्यांच्यामुळं काकासरकारास्नी धरलं."
अनसाबाईने ऐकलं न ऐकलंसं केलं. ती माझ्यासमोर बसली, हात मांडीवर.
"बाई, त्यानं न्हाई मारलं, ह्ये तुमास्नी ठाऊक व्हतं?"
"हो."
"कवापास्नं?"
चौदा म्हणता आलं असतं. साहेबांना दिलेल्या जबाबातही खात्री झाल्याची तारीख लिहिलेली नाही.
"आठ तारखेपासून."
तारखा तिला कळत नव्हत्या. "वार कोंचा?"
"शनिवार."
ती विचार करू लागली. बोटं एकेक करून मांडीवर टेकवली, शनिवारपासून शुक्रवारपर्यंत, आणि पुन्हा पहिल्या बोटावर आली.
"शनवारी म्या भाकर घिऊन गेल्ते," ती म्हणाली. "पिठल्यात मीठ जादा झालंय म्हणून माज्यावर लई वराडला. खाल्लं मातर समदं."